ओझे हलके, ऊब पुरी

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान, एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा बारमाही सौम्य असते. जानेवारीतील पहाटेचे तापमानही सामान्यतः १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. शहरात नोंदले गेलेले नीचतम तापमान ७.८ अंश असून ती नोंद जानेवारी १८८४ मधील आहे. अशा हवेत वाढलेल्या किंवा नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मनुष्यास खऱ्या थंडीची ओळख बहुधा पुस्तकीच असते.

तथापि या वसाहतीतील तरुण मंडळी डोंगरांची मोठी षोकी आहेत. शुक्रवारी रात्री पाठीवर रकसॅक घेतलेले घोळके सिल्क बोर्डच्या चौकात बसची वाट पाहत उभे असतात. कोणी कुमारपर्वताला निघालेले असतात, कोणी चिकमगळूर जिल्ह्यातील मुळ्ळय्यनगिरीला, तर मोठी सुटी मिळालेले थेट हिमालयाला. त्यांत कानडी, तमिळ, हिंदी यांच्याबरोबर मराठी बोलणेही कानी पडते. निघण्यापूर्वी प्रत्येक घरी एक लहानसा वाद ठरलेला असतो. घरातील वडीलधारी माणसे ‘थंडी वाजेल’ म्हणून पिशवीत एक स्वेटर अधिक घालतात, आणि डोंगर चढणारा ‘ओझे होईल’ म्हणून तो हळूच काढून ठेवतो.

या वादात दोन्ही पक्ष एकच चूक करीत असतात. ऊब ही वजनावर मोजावयाची वस्तू आहे, असे दोघेही गृहीत धरतात. जड तेवढे उबदार, आणि हलके तेवढे थंड, अशी ही समजूत आहे. शास्त्राच्या दृष्टीने ती खरी नाही. ऊब कशाने राहते हे नीट समजले, तर ओझे निम्म्यावर आणूनही मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक उबेत राहू शकतो. हे न समजता केवळ ओझे कमी केले, तर मात्र प्रसंग जिवावर बेतू शकतो.

हा धोका काल्पनिक नाही. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मैदानी प्रदेशात ऐन उन्हाळा असताना, उत्तराखंडातील सहस्रताल या चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरील सरोवराकडे गेलेला बावीस जणांचा चमू हिमवादळात सापडला. त्यात बहुतेक जण कर्नाटकातील, विशेषतः बंगळूरचे होते. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांच्या व बचाव पथकांच्या साहाय्याने तेरा जणांची सुटका झाली. नऊ जण मृत्यू पावले. अशा प्रसंगी अनेक कारणे एकत्र येतात आणि दुरून कोणास दोष देणे योग्य ठरत नाही. परंतु थंडी, वारा व ओलावा ही त्रयी मनुष्यदेहावर कशी चालून येते, हे डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित होते.

कापड ऊब देत नाही

लोकरीचा कोट ‘गरम’ असतो असे आपण म्हणतो. वस्तुतः खुंटीला टांगलेला कोट खोलीइतकाच थंड असतो. तापमापक त्यात कितीही वेळ गुंडाळून ठेवला तरी पारा तसूभरही वर चढणार नाही. उष्णता निर्माण करणारी भट्टी एकच, ती म्हणजे मनुष्याचे शरीर. भक्षिलेल्या अन्नाचे मंद ज्वलन होऊन ही उष्णता उत्पन्न होते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. जुन्या पद्धतीच्या विजेच्या एका दिव्याइतकी. कपड्याचे काम ही उष्णता निसटू न देण्याचे आहे.

हे काम कपडा कसा करतो? त्यातील धाग्यांमुळे नव्हे, तर धाग्यांच्या मधोमध अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. लोकरीचा वा कापसाचा तंतू स्वतः हवेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता वाहून नेतो, आणि पाणी तर हवेच्या सुमारे पंचवीस पट. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ज्या वस्तूत कमीत कमी तंतूंनी जास्तीत जास्त हवा कोंडलेली असेल, ती वजनाच्या मानाने सर्वांत उबदार. दुसरा असा की, त्या हवेच्या जागी पाणी शिरले, तर तीच वस्तू उष्णता राखण्याऐवजी घालवू लागते.

या कोंडलेल्या हवेला दोन अटी आहेत. ती स्थिर असली पाहिजे आणि कोरडी असली पाहिजे. गिरिभ्रमणाच्या पोशाखाचे सारे शास्त्र या दोन अटींत सामावलेले आहे.

उष्णता निसटण्याच्या चार वाटा

शरीरातील उष्णता चार मार्गांनी बाहेर जाते. थंड दगडावर बसले असता ती थेट स्पर्शाने दगडात जाते. यास वहन म्हणतात. अंगाभोवतीची ऊन झालेली हवा वाऱ्याने हलते आणि तिच्या जागी थंड हवा येते. हे अभिसरण होय. निरभ्र रात्री उघड्यावर झोपलेल्या मनुष्याच्या अंगातून उष्णतेचे किरण आकाशाकडे जातात, हे प्रारण. आणि घाम वा पावसाचे पाणी अंगावर वाळताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, हे बाष्पीभवन.

डोंगरात यांपैकी अभिसरण व बाष्पीभवन हे दोन मार्ग विशेष घातक ठरतात. उंचीबरोबर हवा थंड होते हे सर्वश्रुत आहे. सरासरीने दर हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंश असा हा उतार असतो. मुळ्ळय्यनगिरीचे शिखर सुमारे १,९३० मीटर उंच, म्हणजे एचएसआर लेआउटपेक्षा साधारण एक हजार मीटर वर आहे. तेव्हा तेथे तापमान साधारण सहा-सात अंशांनी कमी असावयाचे. एवढ्याने कोणी गारठणार नाही. परंतु घरातील गच्चीवर जो वारा नसतो तो माथ्यावर असतो, आणि हिशेब बदलतो.

वाऱ्याच्या या परिणामाचे मोजमाप अंटार्क्टिकात प्रथम झाले. १९४१ साली सायपल व पॅसल या दोन अमेरिकी संशोधकांनी प्लॅस्टिकच्या लहान नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले आणि निरनिराळ्या वेगाच्या वाऱ्यात ते गोठण्यास किती वेळ लागतो हे पाहिले. त्यांच्या सूत्रात पुढे सुधारणा झाली. कॅनडा व अमेरिका येथे २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे, हवेचे तापमान ५ अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे एक अंशासारखे जाणवते. वाऱ्याने हवेचे तापमान उतरत नाही. अंगाला चिकटून राहणारा उबदार हवेचा थर तेवढा उडवून नेला जातो. म्हणूनच दोन-अडीचशे ग्रॅम वजनाचे, ज्यातून फुंकरही आरपार जात नाही असे पातळ जाकीट, योग्य वेळी, एक किलो वजनाच्या सैल विणीच्या स्वेटरपेक्षा अधिक उपयोगी पडते.

क्लो: उबेचे माप

ऊब वजनाने मोजावयाची नाही, तर मग कशाने? १९४१ सालीच गॅगी, बर्टन व बॅझेट या शास्त्रज्ञांनी त्यासाठी ‘क्लो’ नावाचे एकक सुचविले. २१ अंश तापमानाच्या, वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या मनुष्यास सुखावह वाटेल इतका पोशाख म्हणजे एक क्लो. पाश्चात्त्य पद्धतीचा पुरुषी सूट साधारण एक क्लो भरतो. हवा कोंडून धरणाऱ्या कोणत्याही फुललेल्या थरापासून, दर सेंटिमीटर जाडीस, व्यवहारतः दीड क्लोच्या आसपास ऊब मिळते. तो थर कशाचा आहे याला येथे महत्त्व थोडे. त्याची जाडी किती हे महत्त्वाचे.

आता थोडा हिशेब करून पाहावा. झोपलेल्या मनुष्याच्या शरीरात, त्वचेच्या दर चौरस मीटरमागे, सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण होते. तोच मनुष्य पाठीवर ओझे घेऊन चढ चढू लागला की हा आकडा ३०० च्या घरात जातो. बाहेरची हवा शून्य अंशावर आहे आणि त्वचा ३३ अंशांवर राखावयाची आहे, असे समजा. श्वासावाटे व बाष्पावाटे जाणारी उष्णता वजा जाता, निद्रिस्त मनुष्यास सहा ते सात क्लो लागतात. चढणाऱ्यास एक क्लो पुरतो.

मनुष्य तोच, हवाही तीच, आणि तरी गरजेत सहा-सात पटींचा फरक! जाड कोटाचा दोष येथेच उघड होतो. तो चढताना फार होतो आणि झोपताना अपुरा पडतो. चढताना तो अंगावर ठेवावा तर मनुष्य घामाने निथळतो. काढावा तर वाऱ्यात उघडा पडतो. मधली अवस्था त्या कोटापाशी नाही.

थरांची पद्धत

यावरचा उपाय म्हणजे एका जाड कपड्याऐवजी अनेक पातळ थर. ही कल्पना नवीन नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे अनेक थर होते. त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती २००६ साली एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहण्यात आल्या, तेव्हा त्या समजुतीपेक्षा हलक्या व पुष्कळ उबदार असल्याचे आढळले. त्याआधी, १९२२ च्या मोहिमेत, रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फिंच याने बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून एक कोट शिवून नेला होता. सहकाऱ्यांनी आरंभी त्याची चेष्टा केली. वर थंडी वाढताच त्यांस त्याचा हेवा वाटू लागला.

आजच्या पद्धतीत थर तीन असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते. अंगालगतचा थर घाम टिपून बाहेर ढकलतो. तो पातळ पॉलिएस्टरचा वा मऊ मेरिनो लोकरीचा असावा. मधला थर हवा कोंडून धरतो. तो फ्लीसचा, लोकरीचा किंवा लव भरलेला असावा. बाहेरचा थर वारा व पाऊस अडवितो. फ्लीस हे लोकरीसारखे फुललेले पॉलिएस्टरचे कापड १९७९ च्या सुमारास अमेरिकेतील मॉल्डन मिल्स या गिरणीत प्रथम तयार झाले. पाण्याचा थेंब आत येऊ न देता घामाची वाफ बाहेर सोडणारे कापड त्याच्या दहा वर्षे आधीच्या एका शोधातून निघाले. १९६९ साली बॉब गोर याने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणला असता त्यात असंख्य अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, हे पाहिले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला फार लहान, पण वाफेच्या कणांना मोकळी असतात.

थरांचा खरा लाभ ते काढता-घालता येण्यात आहे. अनुभवी गिरिभ्रमणकार चढास लागण्यापूर्वीच एक थर उतरवितो आणि पहिली दहा मिनिटे किंचित थंडी सोसतो. विश्रांतीसाठी थांबताच, हुडहुडी भरण्याची वाट न पाहता, तो थर पुन्हा चढवितो. नवखा मनुष्य नेमके उलट करतो. निघताना सर्व काही घालून निघतो, अर्ध्या वाटेत घामाघूम होतो आणि माथ्यावरील वाऱ्यात ओल्या कपड्यांनिशी उभा राहतो.

ओलावा हाच खरा वैरी

एक ग्रॅम घाम वाळविण्यास सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. सुती सदरा पुरता भिजला असता सहज ३०० ग्रॅम पाणी धरून ठेवतो. ते अंगावरच वाळवावयाचे म्हटल्यास ७२० किलोज्यूल उष्णता लागेल. स्वस्थ बसलेले शरीर तासाला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता उत्पन्न करते. म्हणजे त्या एका सदऱ्याने शरीराची दोन तासांची संपूर्ण मिळकत फस्त केली! डोंगरात सुती कपडे व विशेषतः जीन्स नको, असे जे सांगतात त्याचे कारण हे आहे. उन्हाळ्यात मैदानावर सुताचा जो गुण असतो, तोच थंडीत त्याचा अवगुण ठरतो.

सर्वसाधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, लोकर सुमारे १६ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा शोषते. लोकर सुतापेक्षाही अधिक पाणी पिते, मग ती चांगली कशी? लोकरीचा तंतू हे पाणी आपल्या अंतर्भागात सामावून घेतो. पृष्ठभाग बराच काळ कोरडा लागतो. शिवाय तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असल्यामुळे ओली झाली तरी लोकर सुतासारखी चिप्प बसत नाही आणि तिच्यातील हवेचे कप्पे पुष्कळसे शाबूत राहतात. इतकेच नव्हे, तर बाष्प शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते.

दख्खनच्या पठारावरील मेंढपाळांनी हे शास्त्र पुस्तकावाचून आत्मसात केले. महाराष्ट्रातील धनगराचे घोंगडे आणि कर्नाटकातील कुरुबाची कंबळी ही एकाच दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची भावंडे. विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. पावसात त्याचीच खोळ डोक्यावरून घ्यावयाची, रात्री तेच अंथरावयाचे व तेच पांघरावयाचे. एका वस्तूकडून तीन कामे करून घेण्याचा हा धडा हलके ओझे वाहू इच्छिणाऱ्याने गिरविण्याजोगा आहे. घोंगड्याचे वजन दोन-तीन किलो भरते, म्हणून ते रकसॅकमध्ये घालणे परवडत नाही. त्यामागील तत्त्व मात्र परवडते.

ओलाव्यामुळे बर्फाशिवायही मनुष्य गारठून मरू शकतो, हे १९६४ साली इंग्लंडात दिसून आले. त्या वर्षी मार्चमध्ये डर्बिशरच्या पठारावरील ‘फोर इन्स’ नावाच्या चालण्याच्या स्पर्धेत, पाऊस व सोसाट्याचा वारा यांत सापडून तीन तरुण मृत्युमुखी पडले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी या घटनेचा अभ्यास केला आणि पुढे प्रयोगांनी दाखवून दिले की, भिजलेल्या पोशाखावर वारा लागला असता त्याची ऊब राखण्याची शक्ती अगदी थोडी उरते. पावसाळ्यात कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर वा कुद्रेमुखाच्या गवताळ पठारावर जाणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी. तेथे बर्फ पडत नाही. परंतु पाऊस आणि वारा हे दोघे तेथे नेहमी जोडीने असतात.

लव आणि कृत्रिम तंतू

बदक व हंस यांच्या पिसांखाली जी मऊ लव असते तिला मधला दांडा नसतो. एका बिंदूपासून सर्व बाजूंना सूक्ष्म तंतू फुटलेले असतात. त्यामुळे ती दाबली असता मुठीत मावते आणि सोडताच फुलते. तिची प्रत ‘फिल पॉवर’ या आकड्याने दाखवितात. एक औंस लव किती घन इंच जागा व्यापते, तो हा आकडा. ८०० प्रतीची २८ ग्रॅम लव सुमारे तेरा लिटर जागा भरते; म्हणजे मूठभर वजनात घागरभर हवा. वजनाच्या मानाने इतकी ऊब अन्य कोणत्याही सर्वसाधारण भरणात मिळत नाही.

तिचा दोष एकच, पण मोठा. ती भिजली की लगदा होते आणि वाळण्यास फार वेळ घेते. पॉलिएस्टरच्या तंतूंचे भरण तेवढ्याच उबेसाठी थोडे अधिक जड असते, परंतु ओले झाले तरी बरेचसे फुललेले राहते, आणि स्वस्तही पडते. यास्तव हिमालयातील कोरड्या थंडीसाठी लव, आणि पश्चिम घाटातील दमट थंडीसाठी कृत्रिम भरण, हा स्थूल नियम उपयोगी पडतो. दोहोंसाठीही जाड प्लॅस्टिकची साधी पिशवी रकसॅकच्या आत अस्तरासारखी घालावी. काही ग्रॅम वजनाची ही पिशवी झोपावयाचे सर्व सामान कोरडे ठेवते. रकसॅकवर बाहेरून घालावयाच्या आवरणात पाठीच्या बाजूने पाणी शिरते, हे अनेकांस पहिल्या पावसानंतरच कळते.

जमिनीची थंडी

झोपण्याच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. स्लीपिंग बॅग कितीही उत्तम असली, तरी तिचा जो भाग अंगाखाली येतो तो देहाच्या भाराने चेपतो. त्यातील हवा निघून जाते आणि हवेबरोबर ऊबही जाते. खालून मग थंड जमीन वहनाच्या मार्गाने रात्रभर उष्णता खेचीत राहते. अशा वेळी वरून दुसरे पांघरूण घेऊन उपयोग नाही. गळती तळाला आहे. भाराने न चेपणारी, हवेचे बंद कप्पे असलेल्या फोमची तीन-चारशे ग्रॅमची चटई हे काम करते. ती नसल्यास रिकामी रकसॅक, दोर, वाळलेले गवत, जे मिळेल ते अंगाखाली घालावे.

वर केलेल्या हिशेबाप्रमाणे शून्य अंशात झोपण्यासाठी अंगावर चार-साडेचार सेंटिमीटर जाडीचा फुललेला थर हवा. हा थर सगळाच्या सगळा स्लीपिंग बॅगचा असण्याची आवश्यकता नाही. दिवसा घातलेले कोरडे फ्लीस व भरणाचे जाकीट अंगात ठेवून झोपल्यास बॅग तेवढी हलकी चालते. डोक्याला टोपी आणि पायांत केवळ झोपण्यासाठी राखलेले कोरडे मोजे असावेत. निजण्यापूर्वी काही खाल्ल्यास शरीराच्या भट्टीला रात्रीपुरते सरपण मिळते.

तराजूवर मांडणी

आता घरातील त्या वादाकडे वळू. तो तर्काने मिटत नाही, तराजूने मिटतो. स्वयंपाकघरातील काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन लिहावे. नवख्याच्या पिशवीत साधारण पुढील गोष्टी निघतात: दोन जीन्स १,४०० ग्रॅम, चार सुती सदरे १,००० ग्रॅम, दोन स्वेटर १,२०० ग्रॅम, एक जाड जाकीट १,३०० ग्रॅम आणि एक ब्लँकेट २,००० ग्रॅम. एकूण ६,९०० ग्रॅम, म्हणजे सात किलोंच्या जवळपास. यांतील एकही वस्तू पाऊस अडवीत नाही, आणि जमिनीची थंडी अडविणारी तर नाहीच.

दुसरी मांडणी अशी होऊ शकते: अंगालगतचे पॉलिएस्टरचे दोन सदरे ३०० ग्रॅम, पातळ आतली विजार २०० ग्रॅम, फ्लीस ३०० ग्रॅम, भरणाचे जाकीट ४०० ग्रॅम, पावसाचे जाकीट ३०० ग्रॅम, पावसाची विजार २०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग १,००० ग्रॅम, चटई ४०० ग्रॅम, टोपी, हातमोजे व जादा मोजे २५० ग्रॅम. एकूण ३,३५० ग्रॅम. ओझे निम्म्याहून कमी झाले, आणि वारा, पाऊस व जमीन या तिन्ही बाजू झाकल्या गेल्या. यांतील महाग वस्तू विकतच घेतल्या पाहिजेत असे नाही. मोठ्या शहरांत त्या भाड्यानेही मिळतात.

ओझे कमी करण्याचा पुढचा उपाय पायांशी आहे. पायात घातलेले एक किलो वजन वाहून नेण्यास, पाठीवरील एक किलोच्या सुमारे चार ते सहा पट शक्ती लागते, असे १९६९ साली केलेल्या मोजणीत आढळले. बुटांवरील अनावश्यक जडपणा पिशवीतील जडपणापेक्षा म्हणूनच अधिक महाग पडतो. हलके ओझे वाहणारा मनुष्य कमी दमतो, कमी घामाघूम होतो आणि वाईट हवेतून लवकर बाहेर पडू शकतो. या अर्थाने हलकेपणा स्वतःच एक प्रकारची ऊब आहे.

हलकेपणाची मर्यादा

परंतु या विचाराला एक सीमा आहे. वजनाच्या मोहात पडून काही जण नेमक्या त्या वस्तू घरी ठेवतात ज्यांचा उपयोग चांगल्या हवेत होत नाही. हवा चांगली असताना कोणतीच वस्तू अत्यावश्यक नसते. वस्तूची परीक्षा वादळात होते, आणि तेव्हा ती घरी आणता येत नाही. म्हणून पिशवी कितीही हलकी करावयाची असली तरी चार गोष्टी काढू नयेत: वारा-पाऊस अडविणारा बाहेरचा थर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला व कोणत्याही सबबीवर दिवसा न घालावयाचा एक कोरडा जोड, अंगाखाली घालावयाची चटई, आणि अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली पातळ चादर. पन्नास-साठ ग्रॅमची ही चादर वारा अडविते व उष्णतेचे किरण परत फिरविते.

शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली उतरले की हायपोथर्मिया ही घातक अवस्था सुरू होते. तिची चिन्हे ओळखता आली पाहिजेत, कारण ती ज्याला होते त्याला स्वतःला कळत नाही. प्रथम जोराची हुडहुडी भरते. मग चालताना पाय अडखळतात, जीभ जड होते, बोटांना साधी गाठही सुटत नाही. मनुष्य चिडचिडा वा उदास होतो आणि ‘मला येथेच बसू द्या’ म्हणू लागतो. हुडहुडी थांबली आणि तरीही अंग थंडच आहे, हे सुधारणेचे लक्षण नसून फार मोठ्या धोक्याचे आहे. अखेरच्या अवस्थेत काही जण उकडते म्हणून अंगावरचे कपडेही काढू लागतात.

अशा सोबत्याला प्रथम वाऱ्याच्या आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, अंगाखाली चटई घालावी आणि सर्व बाजूंनी गुंडाळावे. तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तरच गोड व गरम पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. त्याला अलगद हाताळावे. मद्य मुळीच देऊ नये, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर उबदार वाटते आणि गाभ्यातील उष्णता अधिकच वेगाने बाहेर जाते. शक्य तितक्या लवकर वैद्यकीय साहाय्य मिळवावे, आणि तोवर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

घरच्या घरी एक प्रयोग

वर सांगितलेल्या तत्त्वांवर केवळ विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ती घरी पडताळून पाहता येतात. एकसारखे चार पेले घ्यावेत. त्यांत सारखेच गरम पाणी ओतून वर झाकण्या ठेवाव्यात. पहिला उघडाच ठेवावा. दुसऱ्याभोवती कोरडे सुती फडके, तिसऱ्याभोवती तितक्याच जाडीची कोरडी लोकर आणि चौथ्याभोवती ओले सुती फडके गुंडाळावे. समोर टेबलपंखा लावून दर पाच मिनिटांनी तापमान लिहीत जावे. ओल्या फडक्यातील पाणी उघड्या पेल्यातील पाण्यापेक्षाही लवकर निवताना दिसेल. पांघरूण घातलेले असून जो अधिक गारठतो, असा हा पेला घामाने भिजलेल्या गिरिभ्रमणकाराचे यथार्थ चित्र होय. मग लोकरीच्या पेल्यावरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी सैलसर ओढून प्रयोग पुन्हा करावा. जेमतेम दोन-चार ग्रॅम वजनाने काय फरक पडतो, तो तापमापकावर दिसेल.

शुक्रवारी रात्री सिल्क बोर्डच्या चौकात उभ्या असलेल्या तरुणाची पाठपिशवी हलकी असावी, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. त्याला थंडी वाजू नये, हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणेही तितकेच रास्त आहे. ऊब वजनात नसून स्थिर आणि कोरड्या हवेत आहे, हे दोन्ही पक्षांनी ध्यानी घेतल्यास दोघांचेही समाधान होईल. तो जादा स्वेटर खुशाल घरी राहू द्यावा. पावसाचे जाकीट आणि कोरडा जोड मात्र पिशवीत आहे ना, एवढे दाराशी एकदा पाहून घ्यावे.